साधा की प्रो? एकाच फोनच्या दोन आवृत्त्यांची तुलना करताना या चुका टाळा

सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात आयफोन १७ ची किंमत ८२,९०० रुपयांपासून सुरू झाली आणि आयफोन १७ प्रोची १,३४,९०० रुपयांपासून. दोन्हींची किमान साठवण २५६ जीबी आहे आणि दोन्हींचा पडदा ६.३ इंचांचा आहे. म्हणजे या दोहोंमधला ५२,००० रुपयांचा फरक निव्वळ 'प्रो' असण्याचा आहे. ही रक्कम अनेक घरांत महिन्याच्या पगाराहून मोठी असते, आणि तरीही ती खर्च करण्याचा निर्णय बहुतेक वेळा दुकानात उभ्या उभ्या, विक्रेत्याच्या दोन वाक्यांवर किंवा मित्राच्या जुन्या अनुभवावर घेतला जातो. महाग फोन घेणे ही चूक नाही. चुकीच्या कारणासाठी तो घेणे ही चूक आहे, आणि चुकीच्या कारणासाठी तो टाळणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे.

गेल्या वर्षीच्या कारणांवर यंदाचा फोन निवडणे

सर्वांत जास्त पैसे या चुकीत वाया जातात, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. साध्या आणि प्रीमियम आवृत्तीतला फरक दरवर्षी नव्याने ठरवला जातो. कंपनी काही सुविधा वरच्या फोनमधून खालच्या फोनमध्ये आणते, काही वरच राखून ठेवते आणि काही चक्क काढून टाकते. आयफोन १५ आणि १६ या साध्या फोनचा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा होता, तर त्यांच्या प्रो आवृत्त्यांचा १२० हर्ट्झपर्यंत जाणारा. पडदा सरकवताना हा फरक कोणालाही डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे 'घ्यायचा तर प्रोच घ्या' हा सल्ला त्या काळात रास्त होता. आयफोन १७ मध्ये मात्र साध्या फोनलाही १२० हर्ट्झचा आणि सतत उजळता राहू शकणारा पडदा मिळाला. पुढचा १८ मेगापिक्सेलचा कॅमेराही दोन्हींत सारखाच आहे. तरीही तोच जुना सल्ला आजही तितक्याच ठामपणे दिला जातो.

उलट दिशेचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२३ साली आयफोन १५ घेणाऱ्यांनी ५५,००० रुपये वाचवले आणि त्या दिवशी तो हिशेब बरोबरच दिसत होता. पण त्या फोनमध्ये ६ जीबी रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) होती आणि १५ प्रोमध्ये ८ जीबी. पुढच्या वर्षी ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे कंपनीचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सॉफ्टवेअर आले तेव्हा १५ प्रोला ते मिळाले, १५ ला नाही. आयफोन १६ पासून साध्या फोनलाही ८ जीबी रॅम दिली गेल्याने ही दरी तेवढ्यापुरती बुजली. म्हणून पाच-सहा वर्षे फोन वापरण्याचा विचार असेल, तर आजच्या सुविधांच्या यादीबरोबर रॅम आणि प्रोसेसरची पिढीही पाहावी. भविष्यात काय येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण कमी रॅमचा फोन आधी मागे पडतो एवढे मागच्या अनुभवावरून नक्की म्हणता येते.

सॅमसंगच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. जानेवारी २०२४ मध्ये भारतात आलेल्या गॅलक्सी एस२४ मध्ये एक्सिनॉस २४०० प्रोसेसर होता, तर त्याच मालिकेतील सर्वांत महाग एस२४ अल्ट्रामध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. पुढच्या वर्षी एस२५ मालिकेतील साधा, प्लस आणि अल्ट्रा या तिन्ही फोनना स्नॅपड्रॅगन ८ एलिट मिळाला. म्हणजे 'चांगला प्रोसेसर हवा म्हणून अल्ट्रा' हे कारण एका वर्षात उरले नाही. दुसरीकडे एस२५ अल्ट्रासोबत येणाऱ्या एस पेन या लेखणीतून ब्लूटूथ काढून टाकले गेले, त्यामुळे दूर ठेवलेल्या फोनचे बटण पेनने दाबून सामूहिक फोटो काढण्याची सोय गेली. ज्यांनी केवळ त्या सोयीसाठी अल्ट्रा घेतला, त्यांना ती नसल्याचे खोका उघडल्यावर कळले.

'प्रो म्हणजे टायटेनियम' ही समजूतही अशीच शिळी झाली आहे. १५ प्रो आणि १६ प्रोची चौकट टायटेनियमची होती. १७ प्रोचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे. पाणी आणि धुळीपासूनचे आयपी६८ संरक्षण साध्या आणि प्रो दोन्ही फोनना आहे, तेव्हा प्रो घेतल्याने पावसात अधिक निर्धास्त राहता येईल असे समजू नये.

परदेशी परीक्षणातले आकडे जसेच्या तसे धरणे

अमेरिकेत विकला जाणारा फोन आणि आपल्याकडचा फोन नावाने एक असला तरी आतून वेगळा असू शकतो. आयफोन १७ प्रोच्या अमेरिकी आवृत्तीत सिम कार्डाची जागाच नाही. त्या मोकळ्या जागेत किंचित मोठी बॅटरी बसवली आहे. त्यामुळे तिथे व्हिडिओ पाहण्यासाठी ३३ तासांचा दावा केला जातो, तर सिमची खाच असलेल्या आपल्याकडच्या फोनसाठी तोच दावा ३१ तासांचा आहे. साध्या आयफोन १७ साठी कंपनी ३० तास सांगते. अमेरिकी परीक्षण पाहून बॅटरीसाठी प्रो घेणाऱ्याला येथे प्रत्यक्षात एका तासाचाच फरक मिळतो. एस२४ बाबतही अमेरिकेतील परीक्षणे स्नॅपड्रॅगनच्या फोनची होती आणि आपल्या दुकानांत एक्सिनॉसचा फोन होता.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील नातेवाइकांकडून फोन मागवणाऱ्या कुटुंबांनी या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. तिथल्या आयफोनमध्ये फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम चालते. जिओ, एअरटेल आणि व्हीआय ती सुविधा देतात, पण फोन बिघडला तर कार्ड काढून जुन्या फोनमध्ये घालण्याची जी सवय आपल्याला आहे, ती येथे उपयोगी पडत नाही. घरातील ज्येष्ठ व्यक्तीसाठी फोन असेल तर ही अडचण किमतीतल्या बचतीपेक्षा मोठी ठरू शकते.

मेगापिक्सेल मोजणे आणि अंतर विसरणे

आयफोन १७ च्या मागे ४८ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे आहेत आणि १७ प्रोच्या मागे तीन. केवळ हा आकडा पाहिला तर तिसऱ्या कॅमेऱ्यासाठी एवढे पैसे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो तिसरा कॅमेरा चौपट झूमचा, म्हणजे १०० मिलिमीटरचा टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारा) आहे, आणि त्याच भिंगाच्या मधल्या भागातून फोन आठपटीपर्यंतचे स्पष्ट चित्र घेऊ शकतो. साध्या फोनमध्ये वेगळे टेलिफोटो भिंग नाही. मुख्य कॅमेऱ्याच्या मधल्या भागातून दुप्पट झूम चांगला मिळतो, त्यापुढे चित्र ताणले जाऊ लागते.

त्यामुळे स्वतःला विचारण्याचा प्रश्न असा की आपण ज्यांचे फोटो काढतो ती माणसे आपल्यापासून किती अंतरावर असतात. घरातले वाढदिवस, जेवणाचे ताट, सहलीतले कुटुंब, दुकानातला माल, कागदपत्रे यांसाठी साधा फोन पुरेसा आहे, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून मंचावरच्या मुलीचा चेहरा टिपायचा असेल, पालखीच्या गर्दीत बाजूला उभे राहून रथाचे बारकावे हवे असतील, मैदानाच्या कडेवरून मुलाची फलंदाजी टिपायची असेल, तर प्रो आणि साध्या फोनच्या चित्रांत जो फरक दिसतो तो कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. आपल्या जुन्या फोनमधले वर्षभराचे फोटो एकदा चाळावेत. झूम करून काढलेले आणि फाटल्यासारखे आलेले फोटो त्यात बरेच असतील, तर प्रोसाठीचे जादा पैसे सार्थकी लागतील; क्वचितच असतील, तर नाही.

व्हिडिओ हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांची गोष्ट वेगळी. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याला किंवा यूट्यूबवर नियमित काम करणाऱ्याला प्रोरेझ (संपादनासाठी सोयीच्या, पण खूप जागा घेणाऱ्या स्वरूपातील) चित्रीकरण, वेगवान यूएसबी आणि १७ प्रोमधील उष्णता पसरवणारा वाफेचा कक्ष यांचा रोज उपयोग होतो. उन्हात दीर्घकाळ चित्रीकरण करताना किंवा तासन्‌तास गेम खेळताना हा कक्ष कामी येतो. व्हॉट्सॲप, यूपीआय, नकाशे आणि बातम्या यांसाठी ए१९ आणि ए१९ प्रो या प्रोसेसरमधला फरक कोणालाही जाणवणार नाही.

साठवणीचा हिशेब न करणे

या फोनमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी घेतलेली साठवण हीच शेवटपर्यंतची. ५१२ जीबीचा आयफोन १७ भारतात १,०२,९०० रुपयांना आला. म्हणजे २५६ जीबीच्या प्रोपेक्षा ३२,००० रुपये कमी देऊन दुप्पट जागा मिळते. मुलांचे व्हिडिओ जपणाऱ्या घरासाठी हा मधला पर्याय बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाचा असतो, आणि दुकानात तो क्वचितच सुचवला जातो. उलट, प्रोरेझमध्ये चित्रीकरण करण्याच्या इच्छेने प्रो घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की ४के प्रोरेझच्या एका मिनिटाला सुमारे ६ जीबी लागतात.

वजनाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. आयफोन १७ चे वजन १७७ ग्रॅम आहे आणि १७ प्रो दोनशे ग्रॅमच्या वर जातो. कव्हर घातल्यावर दोन्हींत भर पडते. दुकानात फोन दोन मिनिटे नव्हे, दहा मिनिटे एका हातात धरून पाहावा.

बिनव्याजी हप्त्यांमुळे फरक लहान वाटणे

'महिन्याला फक्त दोन हजारच जास्त' हे वाक्य ऐकले की थांबावे. ज्याला बिनव्याजी हप्ता म्हणतात त्यात बहुधा बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम सवलत म्हणून किमतीतून वजा केली जाते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र ग्राहकाला भरावा लागतो आणि अनेकदा प्रक्रिया शुल्कही द्यावे लागते. शिवाय रोख किंवा कार्डावरची वेगळी सवलत हातची जाते. तुलना नेहमी हप्त्यांची नव्हे, शेवटी खिशातून जाणाऱ्या एकूण रकमांची करावी आणि त्यात कव्हर, चार्जर, विमा हेही धरावे.

महाग फोन घेतला, पण फरकच जाणवत नाही

अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि बहुतेक वेळा फोन सदोष नसतो. एखादी सेटिंग किंवा जोडीची वस्तू आड येत असते.

पडदा गुळगुळीत सरकत नसेल तर प्रथम लो पॉवर मोड चालू आहे का ते पाहावे, कारण त्यात आयफोनचा पडदा ६० हर्ट्झवर येतो. तो बंद असूनही फरक नसेल तर सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी, त्यातील मोशन आणि तेथील लिमिट फ्रेम रेट हा पर्याय तपासावा. एस२५ अल्ट्रा किंवा प्लस घेणाऱ्यांनी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन पाहावे. हे फोन खोक्यातून निघतात तेव्हा सहसा कमी रिझोल्यूशनवर लावलेले असतात.

फोटो ४८ मेगापिक्सेलचे येत नाहीत, ही दुसरी तक्रार. आयफोन नेहमीच्या पद्धतीत मुख्य कॅमेऱ्याचे चित्र २४ मेगापिक्सेलचे साठवतो. पूर्ण आकार हवा असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स येथे तो सुरू करावा लागतो. अल्ट्राचा २०० मेगापिक्सेलचा कॅमेराही स्वतःहून १२ मेगापिक्सेलचीच चित्रे देतो.

झूम केलेला फोटो अंधारात किंवा फार जवळून खराब आला तर टेलिफोटो भिंगाला दोष देण्याआधी त्या फोटोची माहिती उघडून कोणता कॅमेरा वापरला गेला ते वाचावे. उजेड कमी असला किंवा वस्तू अगदी जवळ असली की फोन अनेकदा टेलिफोटो सोडून मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र मोठे करून देतो. चार पावले मागे सरकले किंवा उजेड वाढवला की योग्य भिंग पुन्हा कामाला लागते.

संगणकावर व्हिडिओ उतरवायला प्रोलाही तितकाच वेळ लागत असेल, तर केबल बदलावी. १७ प्रोचे यूएसबी सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत जाते, पण खोक्यात येणारी केबल यूएसबी २ च्या, म्हणजे ४८० मेगाबिटच्या वेगाची असते. साध्या आयफोन १७ चे यूएसबी मुळातच त्या वेगाचे असल्याने त्याला महागडी केबल घेऊन उपयोग नाही. चार्जिंग मंद असल्यास अडॅप्टर पाहावा. तो खोक्यात येत नाही, आणि घरातला जुना ५ वॉटचा अडॅप्टर लावला तर कोणताही नवा फोन रात्रभर रखडतो. एस२५ ची कमाल २५ वॉट आणि प्लस-अल्ट्राची ४५ वॉट आहे, हेही अडॅप्टर घेण्याआधी पाहावे.

पहिल्या काही दिवसांत फोन गरम होणे बहुधा तात्पुरते असते, कारण जुना डेटा उतरवणे आणि फोटोंची वर्गवारी करणे पार्श्वभूमीला चालू असते. २०२३ मध्ये १५ प्रो गरम होण्याच्या तक्रारी आल्या तेव्हा आयओएस १७ मधील एक दोष आणि काही ॲप कारणीभूत असल्याचे कंपनीने मान्य केले आणि १७.०.३ या अपडेटने तो दोष दूर केला. म्हणून आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये कोणते ॲप सर्वाधिक वापर करत आहे ते पाहावे. त्यानंतरही नुसता ठेवलेला फोन तापत राहिला, तर बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी बिल आणि खोका घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जावे आणि तपासणीची लेखी पावती घ्यावी, कारण मुदतीनंतर बहुतेक विक्रेते फोन बदलून देत नाहीत, फक्त दुरुस्तीला पाठवतात.