स्टेटस हिरवा, टेबल रिकामं

डेटाबेस ऑटोमेशनच्या टीममध्ये रुजू झाले तेव्हा पहिल्याच महिन्यात एक रात्रीचा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, माझ्या वाट्याला आला. पोस्टग्रेस या डेटाबेसवरच्या दिवसभराच्या व्यवहारांची बेरीज करून ती एका सारांश टेबलात भरायची. पहाटे दुसरा जॉब त्यावरून रिपोर्ट पाठवणार. स्क्रिप्टमध्ये दोनच स्टेटमेंट होती, आधी डिलीट (जुन्या ओळी पुसणं) आणि मग इन्सर्ट (नव्या भरणं). हाताने चालवून पाहिली, शेड्युलरमध्ये, म्हणजे जॉब ठरल्या वेळी चालवणाऱ्या टूलमध्ये लावली, काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी रिपोर्ट कोरा गेला. शेड्युलर उघडला तर जॉबसमोर 'सक्सेस'.

झालं होतं असं, की मूळ टेबलातल्या एका कॉलमचं नाव बदललं गेलं होतं. त्यामुळे इन्सर्ट फसलं, पण तोवर डिलीट कमिट, म्हणजे कायमचं झालेलं. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलला स्क्रिप्टची फाइल दिली की मधलं एखादं स्टेटमेंट फसलं तरी तो पुढची चालवत राहतो आणि शेवटी 0 हा एक्झिट कोड देऊन बाहेर पडतो (0 म्हणजे यश, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे अपयश). शेड्युलर तेवढा आकडा बघतो. टेबलात काय उरलंय हे त्याला कळायला मार्ग नाही.

उपाय दोन ओळींचा होता. 'ऑन एरर स्टॉप' चालू केलं, की स्क्रिप्ट चुकीच्या जागीच थांबते आणि कोड 3 येतो. दोन्ही स्टेटमेंट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे 'सगळं होईल नाहीतर काहीच नाही' अशा गटात घातली, की इन्सर्ट फसल्यावर डिलीटही मागे फिरतं आणि निदान कालचा डेटा तरी जागेवर राहतो. शिवाय शेवटी एक तपासणी टाकली: आजच्या तारखेच्या ओळी शून्य असतील तर जॉबने स्वतःहून फेल व्हायचं.

तेव्हापासून कुठलाही जॉब हातात आला की मी आधी विचारते, हा फसला तर शेड्युलरला कसं कळणार? वेळ कोणती, किती वेळा चालवायचा, हे नंतर. नव्याने येणाऱ्यांनीही शिकण्याचा क्रम असाच ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक टूलची याबाबतीत वेगळी खोड आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या एसक्यूएलसीएमडीला 'बी' हा पर्याय दिला नाही, तर क्वेरी फसूनही तो 0 देतो. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये 'व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट' लिहावं लागतं, आणि तिथे एक खाचखळगा आहे. बरेच जण बाहेर पडताना एररचा नंबरच कोड म्हणून देतात. पण युनिक्सवर एक्झिट कोड 0 ते 255 एवढाच मावतो. मोठ्या आकड्याला 256 ने भागून जी बाकी उरते ती शेड्युलरपर्यंत पोचते. आता टेबलस्पेसचा कोटा संपल्याची एरर घ्या, ओआरए-01536. 1536 म्हणजे बरोबर 256 च्या सहा पट, बाकी शून्य. जागा संपली म्हणून जॉब पडला आणि शेड्युलरने तो यशस्वी धरला! म्हणून एररचा नंबर लॉगमध्ये लिहा आणि बाहेर पडताना साधा 1 द्या.

दुसरी गोष्ट तारखेची. स्क्रिप्टमध्ये 'करंट डेट' लिहिणं सोपं वाटतं. पण रात्री 11:50 ला सुरू झालेल्या जॉबची पुढची पायरी मध्यरात्रीनंतर सुरू झाली, की तिच्यासाठी तारीख बदललेली असते. त्याहून जास्त त्रास रीरनचा. सोमवारचा फसलेला जॉब बुधवारी पुन्हा चालवायचा, तर त्याने सोमवारचाच डेटा उचलायला हवा. म्हणून कामकाजाची तारीख बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या, आणि जॉब असा लिहा की त्याच तारखेसाठी तीन वेळा चालवला तरी निकाल तोच राहील, ओळी दुप्पट-तिप्पट होणार नाहीत. पहाटे तीनला कॉल आला की डोळे चोळत रीरनचं बटण दाबता आलं पाहिजे, आधी हाताने साफसफाई न करता.

तिसरी गोष्ट अवलंबनाची. 'लोड 1 वाजता, रिपोर्ट 2 वाजता, मध्ये तासभर आहे की' ही मांडणी डेटा वाढेपर्यंतच टिकते. लोडला सव्वा तास लागला, की अर्धवट डेटावर रिपोर्ट निघतो. कंट्रोल-एम, ऑटोसिस, एअरफ्लो या शेड्युलिंग टूल्समध्ये आधीचा जॉब यशस्वी झाल्यावरच पुढचा सुरू व्हावा अशी अट घालता येते. मोठ्या कंपन्या ही टूल्स घेतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. पण ही अट त्याच एक्झिट कोडवर उभी असते. तो खोटा असेल, तर पुढची सगळी साखळी निमूटपणे चुकीचं काम करत जाते.

टूलच्या निवडीवर फार वेळ घालवू नका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एजंट असतो, ओरॅकलमध्ये डीबीएमएस शेड्युलर, मायएसक्यूएलमध्ये इव्हेंट शेड्युलर. पोस्टग्रेसमध्ये अंगभूत काही नाही, पीजी-क्रॉनसारखं एक्स्टेन्शन लावावं लागतं. ते मुळात जीएमटीप्रमाणे चालतं, तेवढं तपासून घ्या. एक टूल नीट आलं की दुसरं समजायला वेळ लागत नाही. आणि हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून (युनिक्स-लिनक्सच्या साध्या शेड्युलरमधून) चालेना, तर आधी पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा. क्रॉन तुमची प्रोफाइल फाइल वाचत नाही.

सराव घरच्या मशीनवर होतो. पोस्टग्रेस टाका, डिलीट-इन्सर्टची छोटी स्क्रिप्ट लिहा, दर पाच मिनिटांनी लावा. मग ती मुद्दाम मोडा. कॉलमचं नाव बदला, पासवर्ड चुकवा, दुसऱ्या सेशनमधून टेबल लॉक करून ठेवा, पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ द्या. प्रत्येक वेळी एक्झिट कोड काय आला, लॉगमध्ये काय दिसलं, टेबलात काय उरलं, हे तीन रकान्यांत लिहून ठेवा. मुलाखतीत 'जॉब फेल झाला तर काय कराल?' असं विचारतात, तेव्हा या वहीतलं एखादं उदाहरण सांगा. मी मुलाखती घेते तेव्हा असंच उत्तर ऐकायला उत्सुक असते, आणि पुढचा प्रश्न बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यावरचा असतो.