समुद्राकडे पाठ करून: पणजीहून अर्ध्या आणि पूर्ण दिवसाच्या वाटा

पणजीत नव्याने बिऱ्हाड मांडलेल्या आपल्या लोकांना मी आधी हेच सांगते: समुद्राची हौस पहिल्या महिन्यातच फेडून घ्या आणि मग पूर्वेकडे तोंड करून निघा. कळंगुट-बागा सुट्टीला येणाऱ्यांना राहू द्या. आपल्याला इथे पोरंबाळं वाढवायची आहेत, तेव्हा इथल्या नद्या, बेटं आणि घाटाखालचा मुलूख ओळखीचा व्हायला हवा.

अर्ध्या दिवसाची सगळ्यांत चांगली फेरी दिवाडी बेटाची. जुने गोवे पणजीपासून 10 किलोमीटरवर. व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की समोरच फेरीबोटीचा धक्का. गाडी बोटीत चढवा, मांडवी ओलांडा आणि टेकडीवरच्या पिएदाद चर्चपाशी थोडं थांबा, पण तिथून माघारी फिरू नका. बहुतेक जण फिरतात आणि खरी गोष्ट पाहायची राहते. बेटाच्या पलीकडच्या टोकाला दुसरा धक्का आहे, तिथली बोट नार्व्याला सोडते. नार्व्यात सप्तकोटेश्वर आहे, कदंब राजांचं कुलदैवत. हा देव मूळचा दिवाडीचा. 16 व्या शतकात पोर्तुगीजांनी त्याचं देऊळ पाडलं, तेव्हा भाविकांनी त्याला नदीपार नेलं. 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख तिथे आहे. देव ज्या पाण्यावरून गेला ते पाणी मुलांना बोटीतून दाखवा आणि मग शिलालेखापुढे उभं करा. त्यांना इतिहास वेगळा शिकवावा लागणार नाही. सकाळी लवकर निघालात तर जेवायला घरी पोचाल. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराचा उत्सव असतो. त्या दिवशी गाडी जुन्या गोव्यातच ठेवा आणि पायीच बोटीत चढा.

रायबंदरहून चोडणला जाणारी बोट धरली तर धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीतले पक्षी थंडीच्या दिवसांत आणि भल्या सकाळी, ऊन चढल्यावर फारसं काही दिसत नाही.

फोंड्याकडची मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, नागेशी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा ही देवळं तुम्ही येण्याआधीच ऐकून असता. रविवारी तिथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. मंगेशीला सोमवारी संध्याकाळी जा, पालखी असते. पाचही देवळं एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नका. ती घरापासून तासाभरावर आहेत, कधीही जाता येईल.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर तांबडी सुर्लला जा. पणजीहून फोंड्यामार्गे साधारण 65 किलोमीटर, शेवटचा टप्पा जंगलातून. हे महादेवाचं देऊळही कदंबांच्या काळातलं, आडरानात असल्यामुळे मोडतोडीतून वाचलं. गोव्याचा दगड तांबडा, जांभा. हे देऊळ मात्र काळ्या बेसाल्टचं. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला लांबूनच ओळख पटावी असा तो दगड. आत खांबांच्या मधोमध नंदी आहे, बाहेर ओढा वाहतो. घाई न करता बसा. डबा घरून घेऊन निघा, तिथे पोटभर जेवण मिळेल असं धरून चालू नका, आणि खरकटं, पिशव्या परत आणा.

दुसरी पूर्ण दिवसाची वाट फार कमी लोक धरतात, म्हणून आवर्जून सांगते. मडगाव, केपे करत रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावर कोरलेली चित्रं आहेत: बैल, हरणं, माणसं, गोल गोल फिरत जाणारा चक्रव्यूह. 1993 मध्ये ती जगापुढे आली. लिहिण्याची कला इथे पोचण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी या कातळावर वाकून हे कोरलं. डोक्यावरच्या उन्हात रेषा पुसट होतात. सकाळचं किंवा कलतं ऊन गाठा, तेव्हा त्या उठून दिसतात. चित्रांवर पाय देऊ नका. रेषा नीट दिसाव्यात म्हणून खडूने गिरवायचा मोह मुलांना होतो, त्यांना तिथेच थांबवा.

गाडी नसली तर अडून राहू नका. पणजीच्या स्टँडवरून मडगाव, म्हापसा, वास्कोला कदंबच्या, म्हणजे इथल्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, शटल बसगाड्या सुटतात. तिकीट आधी खिडकीवर घ्यायचं, वाटेत थांबे नाहीत. आतल्या गावांचं मात्र तसं नाही. परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. दुपारी एकच्या सुमारास गावातली दुकानं बंद होतात ती चारपर्यंत उघडत नाहीत, म्हणून पाणी, औषधं सकाळीच घ्या. न्याहारी वाटेतल्या साध्या हॉटेलात करा, पातळ भाजी-पाव आणि बन्स. वाट विचारताना मोडकीतोडकी का होईना, कोकणीत विचारा. मराठी जवळपास सगळ्यांना कळते, पण तुम्ही त्यांच्या बोलीत एक वाक्य बोललात की माणूस दोन पावलं तुमच्याबरोबर चालत येऊन वाट दाखवतो.

दूधसागर धबधब्यासाठी पावसाळा संपेपर्यंत थांबा. कुळ्याहून जीप ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. पावसात रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणारे दिसतात, त्यांच्या मागे जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे. सत्तरी तालुक्यातल्या धबधब्यांवरही पावसाळ्यात वनखात्याची बंदी असू शकते. निघण्याआधी वाळपईत चौकशी करा आणि बंदी असेल तर तिथूनच मागे फिरा.