छापील क्यूआर कोडवरून भजन ऐकू येत नाही? या चुका टाळा

गणपतीच्या आधी महिनाभर सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील छापखान्यांत भजन मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका, उत्सव मंडळांचे अहवाल आणि डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांमधील भजनाच्या, सामन्यांचे फलक यांची रीघ लागते. अलीकडे या छापील कागदांवर क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन हमखास दिसू लागला आहे. तो स्कॅन केला की बुवांचे भजन, जाखडी या लोकनृत्याचे गाणे किंवा ग्रामदेवतेच्या उत्सवाची माहिती सांगणारा पॉडकास्ट ऐकू यावा, अशी अपेक्षा असते. ही कल्पना फार चांगली आहे. गावाला चार दिवसांसाठी आलेला चाकरमानी परत गेल्यावरही आपल्या गावचा मृदंग मुंबईतल्या खोलीत ऐकू शकतो, आणि त्यासाठी मंडळाला कागदावर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जागा द्यावी लागते. दुर्दैवाने असे अनेक कोड उघडतच नाहीत. छपाईच्या कामात मंडळांना मदत करताना मला दिसले आहे की दोष ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये क्वचितच असतो. तो छपाईपूर्वी घाईत घेतलेल्या एखाद्या निर्णयात असतो, आणि पाचशे प्रती वाटून झाल्यावर तो दुरुस्त करता येत नाही.

कोड चालत नाही अशी तक्रार आली की प्रथम तो नेमका कुठे अडतो ते पाहावे. कॅमेऱ्याला कोड ओळखताच येत नसेल, तर दोष छपाईचा आहे. कोड ओळखला जातो पण पान सापडत नाही किंवा परवानगी मागितली जाते, तर दोष आतल्या दुव्याचा आहे. पान उघडते पण आवाज येत नाही, तर नेटवर्क किंवा अॅपचा प्रश्न आहे. या तीन तक्रारींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अनेक मंडळांनी चांगला छापलेला कोड पुन्हा छापण्यावर पैसे घातले आहेत.

कोडच्या आत काय आहे, याकडे दुर्लक्ष

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्यात गाणे साठवलेले नसते. साठवलेला असतो तो इंटरनेटवरचा एक पत्ता. त्यामुळे कोडचे आयुष्य त्या पत्त्याच्या आयुष्याइतकेच असते. गुगल पॉडकास्ट्स ही सेवा २०२४ मध्ये बंद झाली, रेसो आणि विंक म्युझिक यांचेही तेच झाले. ज्यांनी या सेवांचे दुवे थेट छापले होते, त्यांचे कागद शाबूत आहेत आणि कोड मात्र कायमचे मुके झाले आहेत.

म्हणून माझा पहिला आग्रह असा आहे की कोडमध्ये शक्यतो आपल्या ताब्यातला पत्ता घालावा. मंडळाचे साधे संकेतस्थळ असेल तर त्यावर एक पान करावे, त्या पानावर यूट्यूब, स्पॉटिफाय आणि थेट ऐकण्याची फाइल असे तिन्ही मार्ग द्यावेत, आणि कोडमध्ये फक्त त्या पानाचा पत्ता ठेवावा. उद्या एखादी सेवा बंद पडली तर पान बदलता येते, आणि कागद बदलावा लागत नाही. फक्त ॲपल पॉडकास्ट्सचा दुवा छापला तर अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांना, म्हणजे आपल्या गावातील बहुसंख्य श्रोत्यांना, त्याचे अॅप मिळत नाही आणि ब्राउझरमध्येच ऐकावे लागते.

फुकट कोड करून देणाऱ्या काही संकेतस्थळांबाबत विशेष सावध राहावे. कोड दोन प्रकारचे असतात. स्थिर कोडमध्ये आपला पत्ता जसाच्या तसा असतो आणि तो कधीही मुदतबाह्य होत नाही. बदलत्या, म्हणजे डायनॅमिक कोडमध्ये त्या संकेतस्थळाचा मधला पत्ता असतो आणि तो पुढे आपल्या पानाकडे नेतो. मधला पत्ता चालू ठेवण्यासाठी वर्गणी भरावी लागत असेल आणि ती थांबली, तर कोडही थांबतो. आमच्या ओळखीच्या एका मंडळाने अहवालात असाच कोड छापला होता. विसर्जनापर्यंत तो उत्तम चालला आणि पुढे चाचणीची मुदत संपल्यावर प्रत्येक श्रोत्याला भजनाऐवजी पैसे भरण्याची सूचना दिसू लागली. कोड तयार केल्यावर तो स्वतः स्कॅन करून पडद्यावर उमटणारा पत्ता वाचावा. तेथे आपल्या पानाऐवजी अनोळखी नाव दिसले, तर तो कोड मधल्या पत्त्याचा आहे असे समजावे.

परवानग्यांची चूक त्याहून साधी आणि त्याहून जास्त वेळा होणारी आहे. ध्वनिफीत गुगल ड्राइव्हवर ठेवून तिचा दुवा छापला, पण फाइल 'मर्यादित' राहिली, तर ऐकणाऱ्याला परवानगीची विनंती पाठवावी लागते. यूट्यूबवर 'खाजगी' ठेवलेली चित्रफीत बोलावलेल्यांनाच दिसते. दुवा असलेल्या कोणालाही ती दिसावी असे वाटत असेल तर ती 'असूचीबद्ध' किंवा 'सार्वजनिक' असावी लागते. ज्याने फाइल चढवली त्याच्या फोनवर ती नेहमीच उघडते, त्यामुळे ही चूक त्याच्या लक्षात येत नाही. तपासणी दुसऱ्याच्या फोनवर करावी, आणि तो फोन मंडळाच्या खात्याशी जोडलेला नसावा.

छपाईनंतर आवाज सुधारून चित्रफीत पुन्हा चढवण्याचा मोह होतो. यूट्यूबवर जुन्या दुव्यावर नवी चित्रफीत बसवता येत नाही. नवी चढवली की तिला नवा दुवा मिळतो, आणि जुनी पुसली की छापलेला कोड निकामी होतो. पॉडकास्ट ठेवणाऱ्या बहुतेक सेवांवर मात्र त्याच भागाची ध्वनिफीत बदलता येते. बुवांचा स्वर कुठे चढला आणि पेटी कुठे दबली, हे सगळे छापखान्यात जाण्याआधीच ऐकून घ्यावे.

चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेल्या गजरांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. यूट्यूबची हक्क तपासणारी यंत्रणा मूळ चाल ओळखू शकते आणि हक्कधारकाच्या इच्छेनुसार ती चित्रफीत रोखलीही जाऊ शकते. पारंपरिक अभंग, गौळण किंवा स्वतः रचलेली चाल निवडल्यास हा धोका बराच कमी होतो. त्याचबरोबर बुवांची आणि साथीदारांची संमती घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मध्ये सादरकर्त्या कलाकाराला स्वतःचा हक्क दिलेला आहे, आणि कायदा नसता तरी रात्रभर गाणाऱ्या माणसाला विचारणे आपले कर्तव्यच होते.

स्पॉटिफायच्या कोडला क्यूआर कोड समजणे

स्पॉटिफायने २०१७ मध्ये स्वतःचा वेगळा कोड आणला. त्यात डावीकडे कंपनीचे चिन्ह आणि त्यापुढे कमीजास्त उंचीच्या २३ उभ्या रेषा असतात. तो दिसायला सुंदर असतो, पण फोनच्या साध्या कॅमेऱ्याला तो वाचता येत नाही. त्यासाठी स्पॉटिफायचे अॅप उघडून त्याच्या शोध विभागातील कॅमेरा वापरावा लागतो. लग्नपत्रिकेवर किंवा तरुण मित्रांच्या भेटकार्डावर तो शोभतो. जत्रेच्या पत्रकावर फक्त तोच छापला तर ज्यांच्या फोनवर ते अॅप नाही अशा सगळ्यांना आपण वगळतो. स्पॉटिफायवरच गाणे द्यायचे असेल, तर त्याच गाण्याच्या दुव्याचा साधा क्यूआर कोड करावा. तो कोणत्याही कॅमेऱ्याने उघडतो.

लांब पत्त्यांमुळे दाट झालेला कोड

पत्ता जितका लांब, तितके कोडमधले ठिपके अधिक आणि बारीक. सर्वांत लहान क्यूआर कोडमध्ये २१ गुणिले २१ ठिपके असतात आणि सर्वांत मोठ्यात १७७ गुणिले १७७. यूट्यूबचा आखूड दुवा २८ अक्षरांचा असतो. तो मध्यम दुरुस्तीक्षमतेच्या (म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी वाचता येणाऱ्या) कोडमध्ये २९ गुणिले २९ ठिपक्यांत बसतो. शेअर करताना त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर माग ठेवणारी अक्षरे जोडली जातात आणि तोच कोड ३३ गुणिले ३३ होतो. प्रश्नचिन्हापासून पुढचा तो भाग काढून टाकला तरी गाणे उघडते.

मराठी पत्त्यांची अडचण याहून मोठी आहे. संकेतस्थळावरील पानाला आपण प्रेमाने देवनागरी नाव देतो, पण पत्ता नक्कल करताना प्रत्येक चिन्हाची, म्हणजे काना-मात्रेचीही, नऊ रोमन अक्षरे होतात. 'दशावतार' या शब्दात काने धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे हा एकच शब्द ६३ अक्षरे खातो. पानाचे शीर्षक मराठीतच ठेवावे. पत्त्यात मात्र आखूड रोमन शब्द वापरावा. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लहान पत्रकावर कोड वाचला जाणे अधिक महत्त्वाचे आहे.

छपाईतल्या चुका

कोडचे चित्र व्हॉट्सअॅपवर साध्या छायाचित्रासारखे पाठवू नये. ते दाबले जाऊन कडा पुसट होतात. एसव्हीजी किंवा पीडीएफ स्वरूपातील फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी आणि डीटीपी करणाऱ्याला तीच वापरायला सांगावी. पत्रकात जागा कमी पडली म्हणून कोड एका बाजूने दाबणे किंवा ताणणे हीदेखील नेहमीची चूक आहे.

ऑफसेट छपाईत काळा रंग चार शायांच्या मिश्रणातून येऊ शकतो. चारही प्लेटा तंतोतंत जुळल्या नाहीत तर बारीक ठिपक्यांच्या कडांना लाल-निळी झालर दिसते आणि कॅमेरा गोंधळतो. कोड फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, छापायचा असे स्पष्ट लिहून द्यावे. हे एक वाक्य लिहिल्याने जितके कोड खराब होण्यापासून बचावतात तितके दुसऱ्या कोणत्याही उपायाने बचावत नाहीत, असे माझे मत आहे.

कोडच्या चारही बाजूंनी किमान चार ठिपक्यांइतकी कोरी पांढरी जागा असावी लागते. आपल्याकडे पत्रिकेला वेलबुट्टीची चौकट लागतेच, आणि ती वेलबुट्टी कोडला चिकटते. भगव्या पार्श्वभूमीवर पिवळा कोड किंवा लाल कागदावर सोनेरी फॉइलचा कोड छापू नये. सोनेरी पृष्ठभाग दिव्याखाली चमकतो आणि कॅमेऱ्याला फक्त उजेड दिसतो. काळ्यावर पांढरा कोड काही अॅप वाचतात, काही वाचत नाहीत. मधोमध गणपतीचे चित्र घालायचेच असेल तर कोड करताना दुरुस्तीक्षमतेची सर्वांत वरची पायरी निवडावी. तीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो, नेहमीच्या मध्यम पायरीत सुमारे १५ टक्के. चित्र लहान ठेवावे आणि तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कधीही झाकू नयेत.

हातात धरायच्या पत्रकावर कोडची बाजू दोन सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. फलकासाठी अंतराच्या एक दशांश हे ढोबळ माप चालते: तीन मीटरवरून वाचायचा असेल तर ३० सेंटिमीटर. घडीच्या पत्रिकेत कोड घडीवर येऊ देऊ नये. कोकम सरबताच्या बाटलीवर किंवा काजूच्या चकचकीत पाकिटावर तो वळणामुळे आणि चमकीमुळे बिघडतो. आंब्याच्या पेटीवर छापायचा असेल तर पुठ्ठ्याच्या नालीदार पृष्ठभागावर शाई पसरते, म्हणून पेटीवर चिकटवायचे सपाट लेबल बरे.

आपल्या पावसाचा विचारही हवा. साध्या इंकजेटची शाई ओल लागताच फुटते, लेझर प्रिंटची सहसा फुटत नाही. मंदिराच्या सभामंडपात लावायचा कागद लॅमिनेट करावा, पण चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते, म्हणून मॅट लॅमिनेशन मागावे.

जागा, नेटवर्क आणि श्रोता

कोकणात आज क्यूआर कोड म्हणजे पैसे देण्याचा कोड, अशीच बहुतेकांची समजूत आहे, कारण मासळी बाजारापासून चहाच्या टपरीपर्यंत तो त्याच कामासाठी दिसतो. त्यामुळे नुसता चौकोन छापला तर वयस्कर माणसे त्याला हात लावत नाहीत, आणि काहीजण तो पैशांच्या अॅपने स्कॅन करून 'चालत नाही' म्हणतात. कोडखाली ठळक मराठीत लिहावे: 'भजन ऐकण्यासाठी फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा. पैसे लागत नाहीत.' त्याखाली आखूड पत्ताही छापावा. देवळाजवळ लावलेल्या कोडवर दुसऱ्याने फसवणुकीचा स्टिकर चिकटवलेला नाही ना, हे अधूनमधून पाहत राहावे.

डोंगरकुशीतल्या वाड्यांत नेटवर्क येते-जाते, आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यांत ते नसतेच. बोलण्याच्या ध्वनिफितीला ६४ केबीपीएस (दर सेकंदाला किलोबिट, हे ध्वनीच्या दर्जाचे माप) पुरते. अर्ध्या तासाच्या भागाची फाइल सुमारे १४ एमबी होते, तर १२८ केबीपीएसला ती २९ एमबीच्या आसपास जाते. भजनाला वरचा दर्जा द्यावा, माहितीच्या पॉडकास्टला खालचा पुरेसा आहे. पानावर फाइल उतरवून घेण्याची सोय ठेवली तर गाडी सुटण्यापूर्वी ती घेता येते.

दहीकाल्याच्या रात्री दशावताराच्या मांडवाबाहेर लावलेला कोड अंधारात वाचला जात नाही. त्यावर बाजूने पडणारा दिवा हवा. प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीची तपासणीची प्रत, आले की ते संध्याकाळच्या उजेडात, जुन्या स्वस्त फोनने, वाय-फाय बंद करून तपासावे, आणि ते काम सत्तरीच्या एखाद्या काकांना करायला सांगावे. ते जिथे थांबतात तिथे मजकूर बदलावा.

चुकीचा कोड वाटला गेलाच असेल, तर पान आपल्या ताब्यात असल्यास तेथूनच वाट वळवावी. नसल्यास नव्या कोडचा मॅट स्टिकर जुन्यावर पूर्ण झाकून बसेल इतका मोठा, कोऱ्या कडांसह छापून घ्यावा. यूट्यूबचे खाते, संकेतस्थळाच्या नूतनीकरणाची तारीख आणि पासवर्ड कोणाकडे आहे, हे मंडळाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावे. खाते अनेकदा एखाद्या हुशार मुलाच्या नावावर उघडलेले असते, तो नोकरीसाठी पुण्याला जातो, आणि नव्या कार्यकारिणीला पुढच्या चतुर्थीला स्वतःच्याच भजनाचे पान बदलता येत नाही.