फुटामागे लपलेला पाय

जुन्या शोधनिबंधांतली ल्युमिनन्सची (पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याच्या मापाची) आकडेवारी आजच्या एककांत आणायचं काम पहिल्यांदा अंगावर पडलं, तेव्हा मला ते निव्वळ कारकुनी वाटलं होतं. आकडा घ्यायचा, गुणक लावायचा, पुढच्या ओळीवर जायचं. दोन दिवसांत देतो, असं मी छाती ठोकून सांगितलंही. लागले सात आठवडे, आणि त्यातले तीन चुकीच्या पायावर उभी केलेली माझीच इमारत पाडण्यात गेले. पाय हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्या, इमारतीचा पाया आणि गणितातला पाय (π).

कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता), लुमेन (एकूण प्रकाश), लक्स (चौरस मीटरवर पडणारे लुमेन) तुम्हाला येतात असं धरून चालतो. आजचं एकक कँडेला प्रति चौरस मीटर, बोलताना निट. हेही माहीत असेलच. मी कुठे आपटलो तेवढं नीट सांगतो, कारण तिथे आपटलेले बरेच जण नंतर भेटले आणि प्रत्येकाला आपण एकटेच मूर्ख आहोत असं वाटत होतं.

माझ्याकडे दोन संच होते. दोन्हींत उजेड कमी-जास्त केला की दृष्टीची तीक्ष्णता कशी बदलते, त्याचे आलेख होते. एक मिलिलँबर्टमध्ये, दुसरा फूट-लँबर्टमध्ये, दोन्ही ल्युमिनन्सची जुनी एककं. मिलिलँबर्टचा गुणक मी पुस्तकातून बघून लावला, ३.१८३. फूट-लँबर्टला मात्र पुस्तक उघडलंच नाही. फूट-कँडलचे (चौरस फुटावर पडणारे लुमेन) लक्स करताना १०.७६४ ने गुणायचं हे पाठ होतं. तो साधा क्षेत्रफळाचा गुणक आहे, एका चौरस मीटरमध्ये तेवढे चौरस फूट बसतात. इथेही फूट दिसला, मी तोच आकडा ठोकून दिला.

बरोबर गुणक ३.४२६.

तुम्ही म्हणाल, तिपटीहून मोठी चूक डोळ्याला खुपायला नको का? नाही खुपत, आणि या चुकीचा खरा धोका तिथेच आहे. दृष्टीच्या अभ्यासात ल्युमिनन्सचा अक्ष लॉगमध्ये असतो, म्हणजे दर टप्प्याला आकडा दसपट होतो. तिथे गुणक चुकला तर वक्राचा आकार तसाच राहतो, सगळा वक्र फक्त बाजूला सरकतो. एकही बिंदू वेडावाकडा दिसत नाही. माझा वक्र देखणा होता, फक्त दुसऱ्या संचाच्या उजवीकडे उभा होता.

मग मी त्या अंतराला कारणं शोधली. निरीक्षकांची वयं वेगळी असतील. अक्षरांचे तक्ते वेगळे असतील. डोळ्याच्या बाहुलीचा आकार वेगळा असेल. चार पानं लिहिली, आणि खरं सांगतो, चांगली लिहिली होती. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पानं बाजूला ठेवली आणि दोन वक्रांकडे बोट दाखवून विचारलं, “हे अंतर केवढं आहे?”

“साधारण अर्धा लॉग.”

“साधारण नको.”

“शून्य पूर्णांक चारशे सत्याण्णव.”

“त्याचा प्रतिलॉग काढ.” आणि त्या निघून गेल्या.

कॅल्क्युलेटरवर ३.१४, म्हणजे पाय, उमटलं तेव्हा कान तापले होते. मार्गदर्शकांबद्दल माझं मत त्या दिवशी ठरलं. चूक दाखवून लगेच उत्तर देणारे वाईट नसतात, पण त्यांच्या हाताखाली माणूस तीच चूक पुन्हा करतो. अर्थात उत्तर माहीत नसल्यामुळे गप्प बसणारेही असतात. दोघांतला फरक ओळखायला वेळ लागतो.

आता हा पाय आला कुठून? एखादा मॅट पृष्ठभाग घ्या, कुठूनही पाहिलं तरी सारखाच उजळ दिसणारा. त्याचं ल्युमिनन्स एक निट असेल, तर त्याच्या एका चौरस मीटरमधून एकूण किती लुमेन बाहेर पडतात? अर्धगोलाचा घनकोन दोन पाय स्टेरेडियन (घनकोनाचं एकक), म्हणून मी सुरुवातीला दोन पाय म्हणत होतो. ते चूक. पृष्ठभाग तिरका पाहिला की त्याचं दिसणारं क्षेत्रफळ कोसाइनच्या प्रमाणात आक्रसतं, आणि अर्धगोलावर त्या कोसाइनची सरासरी बरोबर अर्धी येते. दोन पायांचं अर्धं, एक पाय. एका निटमागे ३.१४१६ लुमेन. हा कोसाइनचा नियम योहान हाइनरिश लँबर्टचा. त्याचा प्रकाशमापनावरचा ग्रंथ १७६० सालचा.

कागद, भिंती, रंग यांच्यावर काम करणाऱ्यांना हा पाय दर हिशेबात लुडबुडणं नको होतं. म्हणून त्यांनी एककच असं बेतलं की आदर्श मॅट पृष्ठभागाच्या चौरस मीटरमधून एक लुमेन बाहेर पडत असेल तर त्याचं ल्युमिनन्स एक अपोस्टिल्ब. चौरस फुटामागे एक लुमेन, तर एक फूट-लँबर्ट. चौरस सेंटिमीटरमागे, तर एक लँबर्ट. सोय मोठी झाली. पाचशे लक्सखाली ऐंशी टक्के परावर्तन करणारा मॅट कागद ठेवला की चारशे अपोस्टिल्ब, तोंडी हिशेब. निटमध्ये तेच १२७. पाय कुठे गेला नव्हता, त्यांनी तो एककाच्या व्याख्येत सरकवून वरून सतरंजी अंथरली होती.

म्हणून मी एककं दोन घराण्यांत मांडतो. कँडेलाचं घराणं: निट, स्टिल्ब (म्हणजे कँडेला प्रति चौरस सेंटिमीटर, दहा हजार निट), कँडेला प्रति चौरस फूट. लुमेनचं घराणं: लँबर्ट, फूट-लँबर्ट, अपोस्टिल्ब. ब्लाँडेल हे अपोस्टिल्बचंच दुसरं नाव. स्कॉट हा अपोस्टिल्बचा हजारावा भाग, ब्रिल हा लँबर्टचा एक कोटीवा भाग. गंमत म्हणजे हे दोन्ही एकच निघतात, करून पाहा. एकाच घराण्यात फिरताना पाय लागत नाही, फक्त क्षेत्रफळ आणि दशांशचिन्ह. घराणं बदललं की पाय एकदाच लागतो. कँडेलाकडून लुमेनकडे जाताना आकडा वाढतो: एक निट म्हणजे ३.१४ अपोस्टिल्ब, एक स्टिल्ब म्हणजे ३.१४ लँबर्ट. एका चौरस फुटावर एक कँडेला म्हणजे १०.७६४ निट, आणि माझा गुणक खरा होता तो या एककासाठी. नावातल्या फुटाकडे बघून मी फसलो, त्यामागचा पाय दिसलाच नाही.

एक शंका हमखास येते. स्रोत मॅट नसेल, समजा एखादा पडदा स्वतःच प्रकाशतो, तर ३.४२६ चालेल का? चालेल. एककाचं रूपांतर पृष्ठभागाचा स्वभाव विचारत नाही. लक्सला परावर्तन गुणांकाने गुणायची ती सोपी वाट मात्र मॅट पृष्ठभागापुरतीच आहे. चकचकीत पत्र्यावर ती वापराल तर येणारा आकडा कशाचाच नसेल.

ऑनलाइन रूपांतरकांवर माझा राग आहे, पण तो थोडा अन्यायाचा आहे, कबूल. त्यांचं गणित चुकत नाही. यादीतून एकक निवडताना आपला हात चुकतो, आणि पुढे सहा दशांश स्थळांचं उत्तर बघून मन शांत होतं. त्यापेक्षा दोन-तीन ओळखीच्या खुणा लक्षात ठेवा. डिजिटल चित्रपटगृहाच्या पडद्याचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट, म्हणजे ४८ निट. दृष्टिक्षेत्र तपासणाऱ्या गोल्डमान पद्धतीच्या यंत्रातली पार्श्वभूमी ३१.५ अपोस्टिल्ब, म्हणजे १० निट. मी १४ ला १०.७६४ ने गुणून पाहिलं असतं तर दीडशे निट आले असते आणि शंका तिथेच आली असती. नाही पाहिलं.

बाकीचे खड्डे लहान आहेत. १९४८ पूर्वीच्या लेखनात मेणबत्ती (प्रकाशतीव्रतेचं तेव्हाचं एकक) कोणती ते बघा. जर्मन लेखनात ती बहुधा हेफनरची, म्हणजे आजच्या कँडेलाच्या सुमारे नऊ-दशांश. आंतरराष्ट्रीय मेणबत्ती असेल तर फरक जेमतेम दोन टक्क्यांचा, आणि लॉगच्या आलेखात दोन टक्क्यांसाठी झोप घालवू नका. मायक्रोमायक्रोलँबर्ट दिसला तर घाबरू नका, तो लँबर्टचा एक लाख कोटीवा (एकावर बारा शून्यं) भाग. लॉगमधून ८.४९७ वजा केले की निटचा लॉग मिळतो.

एकाच ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. काही जुन्या आलेखांच्या अक्षावर ‘फोटॉन’ लिहिलेलं असतं. तो प्रकाशकण नव्हे, ते ट्रोलँडचं जुनं नाव. ट्रोलँड म्हणजे निटमधलं ल्युमिनन्स गुणिले बाहुलीचं चौरस मिलिमीटरमधलं क्षेत्रफळ. चार मिलिमीटर व्यासाच्या बाहुलीतून दहा निट पाहिले की सुमारे १२६ ट्रोलँड. हे ल्युमिनन्सचं एककच नाही, त्यामुळे बाहुलीचा आकार ठाऊक नसेल तर निटकडे परतायची वाट नाही. कोणी ‘सरासरी बाहुली धर’ असा सल्ला देईल, पण मंद उजेडात तर तिचा व्यास दुपटीने बदलतो. माझ्या तक्त्यात अशा एकोणीस ओळी होत्या. त्यांच्यासमोर ‘बाहुली नोंदलेली नाही’ असं लिहून निटचा रकाना मी रिकामा सोडला. तो अजून तसाच आहे.