पुण्याहून कोकणच्या खाडीत कयाक घेऊन गरवायला जायचंय? मग आधी तिथी बघा

पुण्यात आजकाल कयाक घेणारे बरेच झालेत. फुगवायची असली की डिकीत मावते, सोसायटीत कोणाला त्रास नाही, पवनेला नाहीतर मुळशीला चार रविवार वल्हं मारून हात बसला की मग डोक्यात येतंच की चला आता कोकणात, खाडीत जिताडा (खाडीतला मोठा मासा) गरवायला, म्हणजे गळ टाकून पकडायला. जरूर जा, पण धरणाच्या पाण्यावर शिकलेला माणूस खाडीत एक गोष्ट हमखास विसरतो, ती म्हणजे हे पाणी जागेवर राहत नाही. सकाळी जिथून आरामात उतरलात तिथे दुपारी नुसता चिखल असतो आणि गाडी त्या चिखलाच्या पलीकडे उभी असते. म्हणून सुट्टी कधी आहे ते बघून ट्रिप ठरवू नका, पाणी कधी आहे ते बघा आणि मग त्यात बसणारी सुट्टी शोधा.

तारीख कशी काढायची

भिंतीवरचं कालनिर्णय काढा. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, दोन्हींमध्ये सव्वासहा तासांच्या आसपास अंतर, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पक्ष शुक्ल असो की कृष्ण. हा अंदाजच आहे हां, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, त्यामुळे शेवटचा आकडा भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. तक्ता भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो, अ‍ॅपवरही मिळतो, फक्त अ‍ॅपमध्ये जवळचं बंदर निवडलंय ना ते बघा, नाहीतर मुंबईची वेळ आणि उंची बघून मालवणला जाल. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो, मुंबई-अलिबागला उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) चार मीटरच्या वर जातो आणि मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो.

दुसरं बघायचं म्हणजे उधाण की भांग. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एकदोन दिवस उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि वाहत्या पाण्याचा ओढही तसाच. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, शांत. पहिल्यांदा जाताय तर उधाण टाळाच, खाडी अरुंद होते तिथे उधाणाच्या ओहोटीचा ओढ ताशी तीन-चार किलोमीटर सहज होतो आणि नवीन माणूस फुगवलेली कयाक वल्हवतो तोसुद्धा साधारण त्याच वेगाने, म्हणजे घाम गाळून जागच्या जागी.

मला विचाराल तर पुणेकरासाठी सगळ्यात सोयीचा शनिवार-रविवार म्हणजे दशमी-एकादशीच्या आसपास पडणारा. का ते बघा. दशमीला भरती साडेसातला, म्हणजे ओहोटी दुपारी दीड-पावणेदोनला. शनिवारी पहाटे निघून ताम्हिणीमार्गे माणगाव, वाटेत जेवण, आणि दुपारी ओहोटीच्या वेळी तुम्ही खाडीवर उभे. रविवारी एकादशीची भरती सव्वाआठ-साडेआठला, म्हणजे उजाडल्यावर चढत्या पाण्यात उतरायचं आणि वारा सुटायच्या आत बाहेर यायचं. उधाणही अजून लागलेलं नसतं. महिन्यात असे दोनच मोके येतात आणि ते वीकेंडला येतीलच असं नाही, नाही आले तर एक दिवस रजा टाका पण अमावास्येच्या रविवारी जाऊ नका.

मोसमाचं म्हणाल तर कोजागिरी उलटल्यावर होळीपर्यंत. नारळी पौर्णिमेला कोळी बोटी काढतात म्हणून आपणही निघायचं नसतं, त्यांची बोट वेगळी, त्यांच्या पिढ्या त्यात गेल्यात. पावसाळ्यात खाडीला वरून नदीचा पूर असतो आणि समुद्र खवळलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, माशांच्या विणीचा काळ असतो तो. कयाकला इंजिन नाही म्हणून आपल्याला चालतं असली वकिली करू नका, त्या दिवसांत घरी बसून रीळला तेल घाला.

खाडी कुठली

पुण्याहून जवळ पडतात त्या रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या. रेवदंड्याची कुंडलिका, बाणकोटची सावित्री, केळशी, आंजर्ले, दाभोळची वाशिष्ठी. नवीन असाल तर केळशी-आंजर्ल्यासारखी छोटी खाडी बरी, मोठ्या खाडीत फेरीबोटी आणि मच्छीमार बोटींची वर्दळ असते आणि त्यांना पाण्याला टेकलेली कयाक दिसत नाही. सावित्री आणि वाशिष्ठीत मगरी आहेत, ही अफवा नाही, चिपळूणजवळ मालदोलीला लोक बोटीतून मगरी बघायला जातात. तिथे पाय पाण्यात सोडून बसायची हौस नको, मेलेला मासा कयाकला बांधून ओढत न्यायचाही नको. मालवणच्या समुद्री अभयारण्यात मासेमारीवर बंधनं आहेत, तिकडचा बेत असेल तर आधी विचारा. आणि कुठेही गेलात तरी खाडीच्या तोंडापासून लांब राहा, तिथे वाळूचे दांडे असतात, त्यावर लाटा फुटतात आणि ओहोटी लागली की सगळं पाणी त्याच तोंडातून समुद्रात जातं, तुमच्यासकट.

शनिवारची दुपार फुकट घालवू नका

खरा होमवर्क हा आहे, आणि बहुतेक लोक नेमका हाच टाळून बीचवर भजी खायला जातात. खाडी ओहोटीला बघायची. भरतीला सगळी खाडी एकसारखी गुळगुळीत दिसते, ओहोटीला तिचं पोट उघडं पडतं. खोल पाण्याची वाट कुठून जाते, वाळूचे दांडे कुठे आहेत, चिखल किती, कालवं लागलेले खडक कुठे (फुगवलेल्या कयाकला ही कालवं ब्लेडसारखी), डोल जाळ्यांचे (ओढात बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) खुंट कुठे गाडलेत, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा, नकाशावर खुणा करा. उतरायची जागा अशी शोधा की पाणी कमी असलं तरी खाली वाळू किंवा जेटीचा उतार मिळेल. तिवरांच्या कडेचा चिखल वरून घट्ट दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत जातो.

मग जेटीवर जाळं शिवत कोणीतरी बसलेलं असतंच, त्यांच्याशी बोला. पुण्याची गाडी बघून आधी जरा अंतर ठेवतात, नीट विचारलं की सगळं सांगतात. “काका, उद्या इथून छोटी होडी टाकली तर चालेल का? पाणी किती वाजेपर्यंत राहतं?” ते म्हणतील, “साडेदहाच्या आत वर या, सुकतीला (ओहोटीला) इथे काय नसतं.” हे वाक्य कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भारी. जाळी कुठे लावलीत तेही विचारा आणि तिथे जाऊ नका, ओढात डोलीच्या दोराला कयाक आडवी लागली तर उलटते, आणि त्यांची जाळी म्हणजे त्यांचं पोट आहे. गावातल्या पोलीस पाटलाला किंवा जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात कळवून ठेवा, ओळखपत्र जवळ असू द्या, किनाऱ्यावर अनोळखी होड्यांची चौकशी होते आणि व्हायलाच पाहिजे.

वारा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? परीक्षेत दोन मार्कांना होते, इथे त्यावर घरी कधी पोचणार ते ठरतं. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हलका असतो पण तोंडाजवळ असाल तर बाहेर ढकलतो. अकरा-बारानंतर खारा वारा समुद्राकडून सुटतो आणि मार्चमध्ये तर चांगलाच जोरात. वारा एका बाजूने आणि पाण्याचा ओढ दुसऱ्या बाजूने आला की मधे छोट्या उभ्या लाटा तयार होतात, कयाक त्यातच उलटतात. आदल्या रात्री वाऱ्याचं अ‍ॅप बघा, ताशी १५ किलोमीटरच्या वर दाखवत असेल तर नवीन माणसाने उतरू नये. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेचा अंदाजही बघा, लांब कुठेतरी वादळ असलं की आपल्याकडे ऊन पडलेलं असतानाही मोठ्या लाटा येतात.

सामान

लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही. पट्टे आवळलेले, खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत येता कामा नये. त्याला शिट्टी बांधा. मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात नाहीतर जॅकेटच्या खिशात, कारण कयाक हातातून सुटली तर बॅगही गेली. वल्ह्याला दोरी, जोडीला सुटं वल्हं, हाताशी चाकू, माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस, टोपी, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. पायात जुने स्पोर्ट्स शूज, लेस घट्ट. स्लिपर चिखलात राहते आणि पुढचं पाऊल कालवांवर पडतं.

नांगर टाकणार असाल तर दोर कयाकच्या टोकाला बांधा, बाजूला कधीच नाही, ओढात बाजूने नांगर धरला की कयाक आडवी होऊन पाणी घेते. उथळ पाण्यात खरं तर नांगरापेक्षा बांबू बरा, चिखलात रोवायचा आणि ओढली की सुटेल अशी गाठ मारायची.

आणि उलटून परत वर चढायची प्रॅक्टिस. ही पुण्यातच करा, जिथे पाण्यात उतरायची परवानगी आहे अशा ठिकाणी, कोणीतरी काठावर असताना. जॅकेट घालून, मुद्दाम उलटून, पुन्हा पुन्हा. जमत नसेल तर खाडीची ट्रिप पुढे ढकला. खडकवासल्याला जाऊन कुठेही उड्या मारू नका.

रविवारी पाण्यात

दोन कयाक तरी असाव्यात, एकट्याने नाही. निघण्याआधी पुण्यात घरी मेसेज: कुठली खाडी, कुठून उतरलो, किती जण, गाडी नंबर, किती वाजता फोन करणार आणि त्यानंतर अर्ध्या तासात फोन नाही आला तर आधी कोणाला लावायचा. गावातल्या ज्यांच्याकडे उतरलात त्यांचा नंबर पहिला द्या. मग ११२, तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३.

उजाडलं की उतरा आणि चढत्या पाण्याबरोबर खाडीच्या आतल्या बाजूला जा. चढत्या पाण्यात दांड्यावर अडकलात तर दहा-पंधरा मिनिटांत पाणीच उचलतं, उतरत्या पाण्यात अडकलात तर पुढची भरती येईपर्यंत उन्हात बसायचं. जिताडा, तांबोशी पण याच वेळेला तिवरांच्या मुळांशी येतात, जिवंत कोलंबी असेल तर उत्तम. भरती पूर्ण झाली, पाणी थबकलं, की घड्याळ बघा. मासे लागत असले तरी. ओहोटीचं पाणी एकसारखं उतरत नाही, बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे तीन मीटर उतरणार असेल तर पहिल्या तासात जेमतेम २५ सेंटीमीटर, त्यामुळे माणूस निवांत राहतो, आणि तिसऱ्या तासात एकदम ७५. पहिल्या तासात परत फिरा, ओढ आपल्याच दिशेने असतो, दुसऱ्या तासाच्या आत काठावर. एकादशीला साडेआठची भरती धरली तर साडेदहा, काकांनी सांगितलेली वेळ.

तरीही अडकलात तर खाली उतरून ओढायला जाऊ नका. कयाकमध्ये बसून राहा, फोन करा, डोकं झाका. पाय रुतलाच तर जोर लावून उपसू नका, अंग कयाकवर आडवं टाकून हळूहळू पाय सोडवा. वाळूत चालावं लागलं तर पाय उचलून टाकण्यापेक्षा सरपटत टाका, खाली पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर आधीच सरकते. पाकट किंवा शिंगाळ्याचा (काटेरी पंखांच्या मिशीवाल्या माशाचा) काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास बुडवा, कळ कमी होते, आणि तसंच दवाखान्यात जा, काटा आत मोडून राहतो. गळाला केंड लागला, तोच तो फुगणारा, तर सोडून द्या, विषारी असतो. छोटे जिताडेही सोडा. समुद्री साप लागला तर वर न घेता लाइन कापा.

बाहेर आलात की पहिला फोन घरी, मग काकांना सांगा की आलो, नाहीतर ते उगाच वाट बघत बसतात. कयाक, रीळ, जॅकेटचे पट्टे तिथेच गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी रविवारभर राहिलं की रीळची बेअरिंग जाते. आणि पहाटेपासून वल्हं मारून लगेच घाट चढू नका, जेवून दोन तास झोपा, मगच ताम्हिणीला लागा.