शर्ट शिवायला टाकताना

टेलरकडे गेलं की बहुतेक पुरुष हात पसरून दोन मिनिटं उभे राहतात, 'नेहमीसारखाच शिवा' म्हणतात आणि पावती खिशात घालून निघतात. शर्ट बिघडतो तो याच दोन मिनिटांत. पोटाचा घेर नंतर कमी करता येतो, लांबी कापता येते, बाही आखूड होते. पण तीरा, म्हणजे एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतचं पाठीवरचं माप, छोटं कापलं गेलं तर त्यावर इलाज नाही. गळ्याचंही तसंच. म्हणून घासाघीस करायचीच असेल तर शिलाईच्या पैशांपेक्षा या दोन मापांवर करावी.

आधी कापड. पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, १.६ मीटर पुरतं, ३६ इंची पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. उंची सहा फुटांच्या आसपास असेल, पोट सुटलेलं असेल किंवा कापड मोठ्या चौकड्यांचं असेल तर पाव मीटर जास्त घ्या. चौकड्या खिशावर आणि बटणपट्टीवर जुळवायला कापड वाया जातं. ते नसेल तर खिसा एकीकडे, रेघा दुसरीकडे.

दुकानदार ४०, ६०, १०० असा काउंट सांगतो. एका पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो हा आकडा. आकडा मोठा तितकं सूत बारीक, कापड मऊ, आणि बनियन दिसण्याची शक्यताही जास्त. रोजच्या ऑफिसला ५०-६० काउंटचं पॉपलिन किंवा थोडं जाड ऑक्सफर्ड पुरेसं आहे. १०० काउंट घ्यायचंच तर दुपदरी सुताचं घ्या. पांढरं कापड घेताना त्याखाली तळहात धरून बघा; बोटं मोजता आली तर दुसरा गठ्ठा काढायला सांगा.

कापड थेट टेलरकडे नेऊ नका. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ टक्के आटतं, सैल विणीचं त्याहून जास्त. १६ इंची गळ्यात हे ३ टक्के म्हणजे जवळपास अर्धा इंच, आणि ३० इंची लांबीत जवळपास एक इंच. शिवाय कॉलरच्या आतलं बक्रम, म्हणजे ती ताठ ठेवणारं जाड अस्तर, कापडाइतकं आटत नाही, त्यामुळे कॉलरवर फुगे येतात आणि इस्त्रीने ते बसत नाहीत. कापडाच्या काठावर 'सॅन्फोराइज्ड' छापलेलं असेल तर ते आधीच आटवलेलं असतं. सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० मध्ये पेटंट घेतलेली ही प्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तसा शिक्का नसेल तर कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, न पिळता निथळू द्या, सावलीत सरळ वाळत घाला आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा. गडद रंग वेगळ्या बादलीत. टेरिकॉटला, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुती कापडाला, हे सगळं करायची गरज नाही. रेशीम आणि लोकर मात्र पाण्यात घालू नका.

आता मापं. जुना शर्ट नेऊन 'याच मापाचा' म्हणणं सोपं, पण तो शर्ट धुऊन धुऊन आटलेला असतो आणि त्यातल्या चुकाही नव्यात उतरतात. तो न्यायचा तर फक्त कुठे घट्ट होतो, कुठे सैल होतो, हे दाखवायला न्या. अंगात पातळ बनियन ठेवा, खिशातला मोबाईल काढा आणि पोट आत ओढू नका. हे शेवटचं जवळजवळ सगळेच करतात, आणि मग बसल्यावर बटणांमधून बनियन डोकावतं.

गळ्याचं माप कंठमण्याच्या खाली, मानेच्या बुडाशी घ्यायचं आणि त्यात अर्धा इंच मिळवायचा. वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत. 'मी वरचं बटण लावतच नाही' म्हणून गळा मोठा ठेवला तर कॉलर उभी न राहता दोन्हीकडे लोळते.

तीऱ्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. ती दंडावर उतरली तर शर्ट मागून आणलेला वाटतो. आत आली तर हात पुढे करताच पाठीत ताण बसतो आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईच्या, मागच्या बाजूला शिवण उसवते. मुंढ्याबद्दल टेलरला स्वतःहून सांगावं लागतं: खोल नको. गिऱ्हाईक काखेत घट्ट झाल्याची तक्रार करेल म्हणून तो खोल कापण्याची अनेकांना सवय असते. पण मुंढा खोल गेला की बसमध्ये वरची दांडी धरताच अख्खा शर्ट पँटमधून बाहेर येतो.

छातीत अंगाच्या मापावर ४ इंच सैल ठेवा, अंगाला लागून हवा असेल तर ३. पोटाचं माप खुर्चीत बसून द्या. बाही मोजताना हात कोपरात किंचित वाकवा. कफ मनगटाच्या हाडावरून उतरून अंगठ्याच्या मुळाला टेकावा. रोज घड्याळ घालत असाल तर त्या हाताचा कफ पाव-अर्धा इंच मोठा ठेवायला सांगा. लांबीचं एकच बघायचं: खोचायचा शर्ट बैठकीच्या खाली उतरावा, न खोचायचा पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यावर थांबावा. एकच शर्ट दोन्हीसाठी शिवाल तर तो कशालाच बरा दिसणार नाही.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी पावतीवर लिहून घ्या. पहिली, कॉलरच्या बटणापासून पुढच्या बटणाचं अंतर. ते तीन इंचांच्या आत ठेवा. त्याहून खाली गेलं तर वरचं बटण उघडं ठेवल्यावर छाती नको तितकी दिसते. दुसरी, शिलाई. इंचाला १२ ते १४ टाके हवेत. घाईच्या कामात ते ८-९ वर येतात, आणि काखेखाली शिवण चुण्या धरते.

पहिल्यांदाच एखाद्या टेलरकडे जात असाल तर कच्च्या शिलाईवर ट्रायल मागा. ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहून उपयोग नाही. हात वर करा, बसा, वाका. मग सुरकुत्या वाचा. बटणाकडून काखेकडे ओढलेल्या रेषा म्हणजे छाती घट्ट. पाठीवर मुंढ्यालगत उभी घडी म्हणजे तीरा मोठा. कॉलरच्या मागे, खाली आडवी वळकटी म्हणजे तुमचे खांदे सरळ आहेत आणि कापताना ते उतरते धरलेत. मानेपासून काखेकडे तिरक्या घड्या पडल्या तर नेमकं उलट झालंय. 'इस्त्री केली की बसेल' हे उत्तर यातल्या कशालाच लागू नाही.

बाजूच्या शिवणीत अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायला सांगा. वजन वाढलं तर तिथेच सोडवता येतं. गणपती ते दिवाळी आणि लग्नसराईत टेलरच्या टेबलावर गठ्ठे लागलेले असतात, तेव्हा कापड महिनाभर आधी द्या. एकदम चार शर्ट टाकू नका. आधी एक शिवून घ्या, दोन-तीनदा धुवा, घालून पाहा आणि दुरुस्ती सांगून मगच बाकीचे कापायला द्या.

आणि उरलेली चिंधी परत मागून घ्या, कितीही छोटी असली तरी. शर्टात पहिल्यांदा विरते ती कॉलरची घडी. पूर्वी घरोघरी कॉलर उसवून उलटून लावायचे आणि शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. उलट बाजूही विरली तर त्याच चिंधीतून नवी कॉलर निघते, म्हणून पन्ह्याला आडवी निदान ४ इंच रुंद पट्टी हवी. ती पट्टी शर्टासोबतच धुवायला टाकत राहा, नाहीतर नवी कॉलर जुन्या शर्टावर वेगळ्याच रंगाची दिसेल.