आधी बादली, मग करवत: मागच्या अंगणात नेमफेकीचा खेळ कसा उभा करावा

तिरक्या फळीला भोक, त्यात लांबून धान्याच्या पिशव्या नेम धरून टाकायच्या, असा हा खेळ. माझ्या पहिल्या फळीला चार इंचांचं भोक होतं आणि पिशव्या पाच इंचांच्या. सुताराकडून प्लायवूड कापून आणलं, ऑइलपेंट मारला, भोकाभोवती पिवळी कड काढली आणि मे महिन्यात बहिणीची पोट्टी सुट्टीला आली तेव्हा मोठ्या ऐटीत फळी अंगणात मांडली. पंधरा मिनिटांत सगळे आत, कूलरसमोर, मोबाइल घेऊन. एकाचीही पिशवी आत गेली नव्हती. सहा वर्षांची भाची जाताना म्हणाली, "मामाजी, हे भोक खोटं आहे."

तिचं खरं होतं. सुतारकाम चोख होतं, पण अंतर किती, भोक केवढं, कोणी कुठून फेकायचं, कशाला किती गुण, यातलं काहीच मी ठरवलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत उलट्या बाजूनं सुरुवात केली. ती रीत इथे सांगतो.

जागा मोजा, सूर्य बघा

आपल्याकडे मागचं अंगण म्हणजे बोअरवेल, धुण्याचा ओटा, कढीपत्त्याचं झाड आणि उरलेली वीस-बावीस फुटांची पट्टी. टेप घेऊन तिची लांबी मोजा आणि त्यातून सात फूट वजा करा. चार फूट फळीच्या मागे, कारण लांब गेलेली पिशवी तिथे पडणार. तीन फूट फेकणाऱ्याच्या मागे, कारण हात मागे न्यायला जागा लागते. उरले ते फेकीचं अंतर. माझ्याकडे पंधरा फूट उरले आणि तेवढे पुरतात. रुंदीला सहा-सात फूट मिळाले तर बाकीच्यांना बाजूला उभं राहता येतं.

नागपुरात मे महिन्यात दुपारी अंगणात कोणी पाऊल ठेवत नाही, तेव्हा खेळ होणार साडेपाचनंतरच, आणि त्या वेळी ऊन पश्चिमेकडून थेट डोळ्यात येतं. म्हणून पट्टी शक्यतो दक्षिणोत्तर धरा. ते जमत नसेल तर फळी पूर्वेला ठेवा, म्हणजे फेकणाऱ्याच्या पाठीवर ऊन येईल. सकाळी खेळणाऱ्यांनी हे उलटं करावं.

काळ्या मातीचं अंगण असेल तर आणखी एक भानगड. उन्हाळ्यात ती भेगाळते, फळी डुगडुगते, आणि पहिल्या पावसानंतर फळीचे पाय आत रुततात. चारही कोपऱ्यांखाली फरशीचे तुकडे ठेवले की झालं.

बादली आणि वही

आता फळीचा विचारही करू नका. जुन्या मोज्यांत दोन-दोन मुठी ज्वारी भरून गाठ मारा. असे चार-पाच मोजे पुरे. एक बादली आणि एक घमेलं घ्या. बादली दहा फुटांवर ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला दहा-दहा वेळा फेकायला सांगा. किती आत गेले ते वहीत नावासमोर लिहा. मग घमेलं ठेवून तेच. घमेल्याचं तोंड मोठं आणि उथळ, बादलीचं लहान आणि खोल, त्यामुळे कोणाची अडचण नेमाची आणि कोणाची ताकदीची, ते इथेच कळतं.

माझा अंदाज असा की दहात तीन ते चार आत जात असतील तर माणूस खेळत राहतो. सहाच्या वर गेले की कंटाळा येतो, दोनच्या खाली गेले की रुसवा. त्यामुळे ज्याचे सात जातात त्याला दोन पावलं मागे न्या, ज्याचा एकच जातो त्याला पुढे आणा आणि पुन्हा दहा फेका. जिथे आकडा बसेल तिथे चुन्यानं रेघ मारा. आमच्याकडे शेवटी तीन रेघा झाल्या: सात फुटांवर, दहावर आणि पंधरावर.

सात फुटांची रेघ भाचीसाठी आखली होती, पण तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून आईही बसली. तिचे गुडघे दुखतात, उभं राहून फेकणं शक्य नव्हतं. पहिल्याच फेरीत दहात पाच! आयुष्यभर ओट्यापाशी बसून शेंगा सोलल्या आणि दाणे लांबच्या टोपल्यात टाकले, त्याचा हा सराव. तिला दहावर नेता येईना, म्हणून तिच्यापुरतं घमेलं काढून बादली ठेवली. अंतर बदलता येत नसेल तर तोंड लहान करा.

चेंडू वापरू नका. तो बादलीतून उसळून बाहेर येतो आणि आत गेला की नाही यावर भांडणं होतात. पिशवी पडते तिथेच बसते.

पिशव्या

वेळ घालवायचाच असेल तर तो इथे घालवा. अमेरिकेत कॉर्नहोल नावाचा असाच खेळ खेळतात, त्यातली पिशवी सहा इंच चौरस आणि सुमारे ४५० ग्रॅमची असते, आणि प्रत्येक बाजूला चार. मोठ्यांसाठी हे माप उत्तम. लहान हातांना ते जड जातं, त्यांच्यासाठी २०० ते २५० ग्रॅम पुरे.

जुन्या जीन्सचे सात इंचांचे चौकोनी तुकडे कापा. सुलट बाजू आत ठेवून दोन तुकडे जोडा आणि कडेपासून अर्धा इंच आत शिवण घाला, म्हणजे तयार पिशवी सहा इंचांची होते. शिवण दुहेरीच हवी. एकेरी शिवण दुसऱ्या दिवशी उसवते आणि अंगणभर ज्वारी होते. एका बाजूला तीन इंच उघडं ठेवा, पिशवी उलटवा, धान्य भरा, तोंड बंद करा.

आता ती तळहातावर आडवी ठेवा. दोन्ही बाजूंनी हाताच्या कडेवरून खाली लोंबली तर बरोबर. ताठ राहिली तर जास्त भरली आहे. अशी पिशवी विटेसारखी आपटते, घसरते आणि भोकाच्या काठाशी अडते. सैल पिशवी मात्र काठावर आली की घडी पडून आत सरकते. वजन वाढवायचं म्हणून ठासून भरण्यापेक्षा पिशवी थोडी मोठी शिवलेली बरी.

भरायला ज्वारी चांगली, चिंचोके त्याहून मजेशीर, कारण फळीवर पडताना खडखड वाजतात. धान्य आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मृग लागायच्या आत पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात गेल्या पाहिजेत, नाहीतर ज्वारीत सोंडे होतात. रात्री अंगणात तर मुळीच विसरू नका. आमची एक हिरवी पिशवी खारीनं कुरतडून निम्मी केली.

मग फळी

वहीत अंतरं ठरली, पिशव्या तयार झाल्या, आता सुताराकडे जा. कॉर्नहोलच्या फळीचं माप चार फूट लांब, दोन फूट रुंद असं असतं. आठ बाय चारच्या एका प्लायवूडमधून अशा चार निघतात, म्हणजे शेजाऱ्यासोबत भागीत घेता येतं. बारा मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून पातळ घेतलं तर फळी थरथरते आणि पिशवी उडते. भोक सहा इंच व्यासाचं, आणि त्याचा मध्य वरच्या कडेपासून नऊ इंचांवर. मध्यावर खिळा ठोकून, तीन इंचांची सुतळी बांधून पेन्सिलीनं वर्तुळ काढा. काठ पॉलिश पेपरनं घासून गोल करा, नाहीतर पिशव्या तिथेच फाटतात.

मागची कड जमिनीपासून एक फूट उंच, पुढची तीन इंच. चार फुटांत नऊ इंचांचा चढ, म्हणजे जेमतेम अकरा अंशांचा उतार. यात कमी-जास्त करू नका असं मी सांगेन. उतार वाढवला तर वर पडलेली पिशवी घरंगळून खाली येते, सपाट ठेवला तर लांबून भोक दिसतच नाही.

मोठ्यांच्या स्पर्धेत दोन फळ्यांमधलं अंतर २७ फूट असतं. ते आपल्या अंगणात मावत नाही आणि त्याची गरजही नाही. वहीतले आकडे तुमच्या घरचे आहेत, तेच खरे.

लोखंडी पत्र्याची फळी बनवू नका. संध्याकाळी सहालाही पत्रा हात पोळतो आणि पिशवी त्यावरून सुळकन निसटते. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी प्रायमर लावा; एकाच बाजूला रंग दिलेलं प्लायवूड उन्हापावसात वाकतं.

सुताराचा खर्च नको असेल तर फळवाल्याकडून संत्र्याची लाकडी पेटी मागून आणा. मृग बहाराची संत्री फेब्रुवारीपासून बाजारात येतात, त्यामुळे सुट्ट्या लागेपर्यंत रिकाम्या पेट्या मिळून जातात. खिळे वाकवून आत ठोका, मागे दोन विटा लावून पेटी तिरकी ठेवा. भंगारात जायला निघालेला कूलरचा स्टँड असेल तर तो आडवा करा, त्यावर तागाचं पोतं ताणून बांधा आणि पोत्याला दोन-तीन भोकं पाडा. पोतं पिशवीचा धक्का गिळतं, त्यामुळे काही उसळत नाही.

गुणांचा हिशेब

इथे बहुतेक जण मनाला येतील ते आकडे टाकतात. समजा, फळीऐवजी जमिनीवर खडूनं तीन वर्तुळं काढली: एक फूट, दोन फूट आणि तीन फूट त्रिज्येची. मधल्या गोलाचं क्षेत्रफळ एक धरलं तर त्याबाहेरच्या पट्ट्याचं तीन आणि सर्वांत बाहेरच्याचं पाच भरतं. म्हणजे डोळे मिटून फेकणाऱ्याचीही पिशवी बाहेरच्या पट्ट्यात पाचपट वेळा पडणार. अशा वेळी मधल्याला ३, मग २, मग १ असे गुण दिले तर नेम धरण्याचं मोल कमी पडतं. ५-२-१ ठेवा.

फळीवर मात्र हा हिशेब तसाच लावला तर फसाल. सहा इंचांचं भोक फळीच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढं, पण कॉर्नहोलमध्ये भोकात गेली तर ३ आणि फळीवर राहिली तर १. चाळीसपट का नाही? एक तर पिशवी घसरत जाऊन भोकात पडते, नेमका तिथेच टप्पा पडावा लागत नाही. दुसरं, भोकाला चाळीस गुण ठेवले तर एका फुकटच्या नशिबानं डाव संपतो आणि बाकीचे घरात जातात.

याच खेळातली आणखी एक युक्ती घ्या. फेरी संपली की दोघांचे गुण एकमेकांतून वजा करायचे आणि उरलेले फक्त जास्तवाल्याला द्यायचे. एकाचे ५, दुसऱ्याचे ४, तर पहिल्याला १. डाव २१ चा. यामुळे मागे पडलेला पोट्टाही शेवटपर्यंत आशेवर राहतो.

पोतं वापरत असाल आणि भोकं अनेक असतील तर डार्टबोर्ड, म्हणजे छोटे बाण फेकायची गोल पाटी आठवा. त्यात २० गुणांच्या खणाच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५ असतात, म्हणजे २० वर नेम धरून जरा चुकलं की हाती फारसं काही नाही. तुमच्याही पोत्यावर सर्वांत लहान, जास्त गुणांच्या भोकाशेजारी उणे २ चं मोठं भोक ठेवा. मग फेकणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं: हावरटपणा करू की सुरक्षित फेकू? आमच्याकडे सगळ्यात जास्त आरडाओरडा याच भोकावरून होतो.

रंग आणि नियम

रंगकाम मुलांवर सोडा. आमच्या पोट्ट्यांनी फळीवर बडग्या, म्हणजे नकोशा गोष्टीचा पुतळा काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघतात तसा, मिशा फेंदारलेला, आणि भोक म्हणजे त्याचा वासलेला जबडा. पिशवी आत गेली की सगळे ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" त्या वर्षी बडग्याच्या पोटावर "होमवर्क" लिहिलं होतं, पुढच्या वर्षी "लोडशेडिंग".

नियम थोडे ठेवा आणि फळीच्या मागे खडूनं लिहून टाका. हात खालून फिरवूनच फेकायचं, आणि पिशवी डोक्याच्या उंचीवरून खाली उतरली पाहिजे; सरळ जोरात मारलेली पुढच्या कडेला आपटून निसटते आणि कोणाच्या नडगीलाही लागते. दोघांच्या चारही पिशव्या संपेपर्यंत कोणी उचलायला पुढे जायचं नाही. दगड किंवा टोकदार काही फेकायचं नाही. रेघेवर पाय पडला तर फेक बाद. खेळापुरती कपड्यांची दोरी काढून ठेवायची. फळीमागे कुंपणाची भिंत असेल तर तिच्यावर जुनी चादर बांधा. तो शेवटचा नियम मी उशिरा शिकलो.

उन्हाळ्यात शेजारच्या काकू भिंतीपलीकडे खाटेवर मुंगवड्या वाळत घालतात. भाच्यानं पंधराच्या रेघेवरून ताकद लावून फेकलेली निळी पिशवी भिंतीवरून गेली आणि थेट खाटेवर. पलीकडून आधी काही आवाज आला नाही. मग भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं, हातात पिशवी, पिशवीला चार ओल्या वड्या चिकटलेल्या.

"काऊन जी, वड्यांतबी पाइंट हाय का तुमच्यात?"

होय, आता आहेत. फळीच्या मागे सगळ्यात खाली भाचीच्या अक्षरात लिहिलंय: काकूंच्या वड्यांत पडली तर उणे ५, आणि फेकणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सगळ्या वड्या उलटवून द्यायच्या.